ग्राहकाचं मानसशास्त्र: विद्यापीठात शिकायचं की दुकानाच्या गल्ल्यावर?

मासुंदा_काठी
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

लेक ठाण्यातच टीवायबीएला आहे, मानसशास्त्र घेऊन. ती समुपदेशक होणार असं सगळ्या नातेवाइकांनी धरूनच ठेवलं होतं. दोघीतिघींनी तर आपापली कार्टी तिच्याकडे पाठवायची तयारीही केली होती. आता ती म्हणते, क्लिनिकल (मनोविकारांवरचे उपचार) नको, काउन्सेलिंग नको. माणसं वस्तू का घेतात, का घेत नाहीत, घेतल्यावर का पस्तावतात, हे शिकायचंय. एमए करायचं तर त्यासाठी.

आमचं जांभळी नाक्याजवळ कापडाचं दुकान आहे, सासऱ्यांनी उभं केलेलं. ते जेवताजेवता म्हणाले, "बाई पायरी चढली की तिच्या चपलांकडे बघायचं आणि सोबत कोण आहे ते बघायचं. साडी कितीपर्यंतची काढायची ते कळतं. याला युनिव्हर्सिटी कशाला?" लेकीने ताट तसंच ठेवलं नाही, पण त्यानंतर बोललीही नाही.

मला दोघांचंही थोडंथोडं पटतं, हीच अडचण. या विषयात शिकण्यासारखं खरंच काय असतं? मुंबई विद्यापीठात राहून हे करता येतं का, की बाहेर जावं लागतं? आणि पुढे पोटापाण्याचं काय? जाणकारांनी सांगावं.

कोपरीचा_बंड्या
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आजोबांना माझं मत.

ऐरोलीकर
मी याच धंद्यात आहे, मार्केट रिसर्चमध्ये. ताई, आधी मार्गाचं सांगतो, मग आजोबांकडे येतो.

बीएमएसला, म्हणजे व्यवस्थापनाच्या पदवीला, मार्केटिंग घेतलं की जुन्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाला कन्झ्युमर बिहेवियर (ग्राहक वर्तन) नावाचा पेपर असायचा. मानसशास्त्राच्या बीएला हाच विषय तुकड्यातुकड्यांनी येतो. वृत्ती आणि मन वळवणं सामाजिक मानसशास्त्रात, निर्णय कसे होतात ते कॉग्निटिव्हमध्ये (विचारप्रक्रियांच्या मानसशास्त्रात), प्रश्नावली आणि चाचण्या संख्याशास्त्राच्या पेपरात. एमएला औद्योगिक-संघटनात्मक शाखा त्यातल्या त्यात जवळची, पण तिथे कर्मचारी जास्त आणि गिऱ्हाईक कमी. म्हणजे लेकीला हवा तो विषय ताटात वाढलेला मिळणार नाही, प्रोजेक्ट आणि प्रबंधातून स्वतः जमवावा लागेल. नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर-मायनरची (मुख्य आणि जोड विषयांची) मांडणी बदलली आहे, त्यामुळे सिनियरच्या नोट्सवर विसंबू नका. त्या वर्षाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या साइटवरून उतरवून घ्या आणि ओळ न् ओळ वाचा. बाहेर जायचं तर अहमदाबादजवळ शेल्याला माइका आहे, पण तो मार्केटिंग-कम्युनिकेशनचा व्यवस्थापन अभ्यासक्रम, मानसशास्त्राची पदवी नव्हे. एक बरं आहे. क्लिनिकलवाल्यांना लागते ती भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी इथे लागत नाही.

बीएमएस केलेली मुलं आणि मानसशास्त्रवाली मुलं दोन्ही आमच्याकडे येतात. पहिल्यांना सादरीकरण सुंदर येतं. दुसऱ्यांना, निदान चांगल्या असलेल्यांना, प्रश्न विचारायची लाज नसते आणि मिळालेल्या उत्तरावर लगेच विश्वास बसत नाही. मी दुसऱ्यांना घेतो.

आता आजोबा. ते सांगतात ते खोटं नाही. पण त्यांना दिसतं ते पायरी चढलेलं गिऱ्हाईक. पायरीपर्यंत येऊन काचेतून बघून पुढे गेलेली बाई त्यांच्या वहीत कुठेच नाही. आणि जिला त्यांनी चपला बघून दीड हजारांच्या वरची साडी दाखवलीच नाही, तिने तीन हजारांची घेतली असती का, हे त्यांना कधीच कळणार नाही. अंदाज खरा ठरतो, कारण तो खोटा ठरायला त्यांनी वाव ठेवलेला नाही. विद्यापीठाने शिकवायचं ते एवढंच: तुझा अंदाज चुकीचा असता तर तुला ते कशावरून कळलं असतं? बाकीचं सगळं पाठांतर आहे.

दाणाबंदर
ऐरोलीकर, बोललात छान, पण धंदेवाल्याला इतकंही भोळं समजू नका. मी वाशीच्या एपीएमसीत मसाला मार्केटला बसतो, त्याआधी वडील मशीद बंदरला बसायचे. दुकानदार रोज प्रयोगच करतो. माल दारात लावून बघतो, आत लावून बघतो. शंभर ग्रॅमची पुडी आणि पाव किलोची पुडी शेजारी ठेवली की काय होतं, हे आम्हाला पुस्तक आल्यावर कळलं नाही.

सोनाराकडचं बघा. पाडव्याला बोर्ड लागतो, घडणावळीवर पंचवीस टक्के सूट. गिऱ्हाईक पंचवीस टक्के ऐकतं, घडणावळ ऐकत नाही. सोन्याच्या भावात एक पैसा कमी झालेला नसतो. हे कुठल्या प्राध्यापकाने शिकवलं सोनाराला?

शून्य_गृहीतक
@दाणाबंदर, सोनाराला कोणी शिकवलं नाही हे खरं. पण तो बोर्ड नसता तरी पाडव्याला तेवढंच सोनं खपलं असतं का, हे सोनाराला माहीत आहे का? नाही. पाडव्याला बोर्ड न लावण्याची त्याची हिंमत नाही. दुकानदार बदल करतो, तुलना करत नाही. माल दारात लावला त्याच आठवड्यात पगार झाले असतील तर श्रेय कोणाला देणार?

अर्थात दुसऱ्या बाजूनेही हवा फार भरलेली आहे, आणि मुलीने ती आधीच काढून घ्यावी. या विषयातले गाजलेले प्रयोग इंस्टाच्या रीलमध्ये जसे सांगतात तसे टिकलेले नाहीत. सगळ्यात लाडका तो जॅमचा. २००० साली प्रसिद्ध झाला, कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात. २४ प्रकारचे जॅम मांडले तेव्हा थांबणारे जास्त, साधारण ६० टक्के. ६ मांडले तेव्हा ४०. पण थांबलेल्यांपैकी प्रत्यक्ष घेणारे २४ वाल्या टेबलावर ३ टक्के आणि ६ वाल्यावर ३०. झालं, जगभर व्याख्यानं सुरू: पर्याय कमी करा, विक्री वाढवा! २०१० मध्ये अशा ५० प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण झालं, तर सरासरी परिणाम जवळपास शून्य. कुठे पर्याय वाढल्याने खरेदी घटली, कुठे वाढली.

२०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले. मूळचे ९७ टक्के 'यशस्वी' होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्के. आणि फॉर्मच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीला घेतली की माणसं खरं लिहितात, हा २०१२ चा निबंध? २०२१ मध्ये मागे घेतला गेला. त्यातल्या गाडी विम्याच्या आकडेवारीत बनावट आढळली. तोवर सरकारी खात्यांनीही त्यावर विचार सुरू केला होता.

फळा_आणि_खडू
बंड्याने पॉपकॉर्न काढलंच आहे म्हणून सांगतो. १९५७ साली जेम्स विकारी नावाच्या गृहस्थाने जाहीर केलं की न्यू जर्सीतल्या एका चित्रपटगृहात त्याने पडद्यावर डोळ्यांना कळणारही नाही इतक्या कमी वेळ 'पॉपकॉर्न खा, कोकाकोला प्या' असं झळकवलं आणि विक्री वाढली. केवढी घबराट! १९६२ मध्ये त्याने स्वतःच मान्य केलं की आकडे कामाचे नव्हते, धंदा बसत चालला होता म्हणून केलेली ती क्लृप्ती होती. मी शिकवत होतो तोवर, म्हणजे अगदी परवापरवापर्यंत, दर वर्षी एक तरी विद्यार्थी हा प्रयोग खरा म्हणून उत्तरपत्रिकेत लिहायचा. गाइडमध्ये तसा छापलेला असायचा!

शून्य_गृहीतक यांचं म्हणणं मान्य, पण अर्धवट सांगितलंत. जॅमच्या प्रश्नावर २०१५ मध्ये दुसरं विश्लेषण झालं. त्यात दिसलं की पर्याय जास्त असणं नेहमीच जड जात नाही. पर्यायांची तुलना किचकट असेल, निवडायला वेळ किंवा सवड नसेल, किंवा आपल्याला काय हवंय हेच पक्कं नसेल, तेव्हा जातं. ज्याला हापूसच हवा आहे त्याला बाजारात आणखी वीस जातींचे आंबे असले तरी काही होत नाही. हे विधान रीलमध्ये बसत नाही, पण खरं आहे. शास्त्र असंच हळूहळू शहाणं होतं. पहिला निकाल डळमळला म्हणून विषय बुडीत खात्यात काढायचा नसतो.

धागाकर्त्या ताईंसाठी थोडं मागचं. हा विषय कालपरवाचा नाही. वॉल्टर डिल स्कॉट या मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात जाहिरातीवर पुस्तकं लिहिली. वर्तनवादाचा, म्हणजे मनाऐवजी दिसणारं वर्तन अभ्यासणाऱ्या पंथाचा, जनक वॉटसन विद्यापीठातून बाहेर पडावं लागल्यावर न्यूयॉर्कच्या जाहिरात कंपनीत गेला आणि तिथे उपाध्यक्षपदापर्यंत चढला. १९६९ मध्ये हॉवर्ड आणि जगदीश शेठ यांनी खरेदीदाराच्या वर्तनाचा सिद्धान्त मांडला. हे शेठ आपल्याकडच्याच वंशाचे. २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल डॅनियल कानेमान या मानसशास्त्रज्ञाला मिळालं, २०१७ चं रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाला, आणि दोघांचं काम एकमेकांत गुंतलेलं. त्यांचा कपांचा प्रयोग वर्गात करून दाखवता येतो. अर्ध्या मुलांना कप द्या, अर्ध्यांना देऊ नका, आणि सौदा करायला सांगा. ज्याच्या हातात कप आहे तो, कप नसलेला जेवढे देऊ करतो त्याच्या साधारण दुप्पट किंमत मागतो. पाच मिनिटांपूर्वी तो कप त्याचा नव्हता.

पण मला विचाराल तर मुलीने सुरुवात करावी ती मेसन हेअर यांच्या १९५० च्या अभ्यासापासून. इन्स्टंट कॉफी नवी होती. बायकांना विचारलं, का घेत नाही? उत्तर: चव आवडत नाही. हेअरने सरळ विचारणं सोडलं. वाणसामानाच्या दोन याद्या केल्या, मांस, पाव, गाजरं, बटाटे, सगळं तेच. एका यादीत नेसकॅफे, दुसरीत दळलेली नेहमीची कॉफी. निम्म्या बायकांना एक यादी, निम्म्यांना दुसरी, आणि प्रश्न एकच: ही यादी करणारी बाई कशी असेल, वर्णन करा. नेसकॅफेवालीला जवळजवळ निम्म्या बायकांनी आळशी म्हटलं. दुसरीला तसं म्हणणाऱ्या अगदी तुरळक. चवीचा प्रश्नच नव्हता. घरच्यांसाठी पाच मिनिटं न उभी राहणारी बाई, हा ठपका कोणाला नको होता.

१९७० मध्ये तोच अभ्यास पुन्हा केला तेव्हा तो ठपका तसा उरला नव्हता. शून्य_गृहीतक याला 'टिकला नाही' म्हणतील. मी म्हणतो, वीस वर्षांत बायकांचं जगणं बदललं आणि ते मोजणीत उतरलं.

कोपरीचा_बंड्या
सर, आमच्या नौपाड्यातल्या पोळीभाजी केंद्रावर हा प्रयोग केला तर यादी करणाऱ्या बाईऐवजी यादी वाचणाऱ्या सासूचं वर्णन जास्त मिळेल. :)

फळा_आणि_खडू
बंड्या, गमतीत बोललास पण प्रबंधाचा विषय दिलास. खरंच करण्यासारखं आहे. होळीची यादी. एकीत चणाडाळ, गूळ, जायफळ. दुसरीत तयार पुरणपोळ्या दहा. बाकी सामान तंतोतंत तेच. आणि वाचणाऱ्यांत फक्त बायका नकोत. पुरुष काय लिहितात ते बघायला मला आवडेल.

मासुंदा_काठी
बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! लेकीला वाचायला दिलंय. सासऱ्यांनाही वाचून दाखवलं. पायरीपर्यंत येऊन परत गेलेल्या बाईचं ऐकून म्हणाले, "ते खरं आहे, त्यांचं दुःख मोठं असतं." त्यांचं मत बदललं असं मात्र समजू नका.

माझी वेगळी शंका. हे शिकून ती लोकांना नको ते विकायलाच मदत करणार ना? कंपन्यांना पगार त्यासाठीच द्यायचा असतो. हे मनात आहे म्हणून विचारते.

पिशवी_घेऊन_या
ताई, मी याच प्रश्नाची वाट बघत होते.

मी ग्राहक चळवळीत आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची. सभासद कुटुंबांचे गट, महिन्याची मागणी आधी लिहून द्यायची, माल एकत्र खरेदी करायचा, वाटप सभासदांनीच करायचं. लोक समजतात यात फायदा स्वस्ताईचा. तो आहेच, पण खरी गोम त्या आधी भरलेल्या मागणीत आहे. घरी बसून, भूक नसताना, समोर फळी नसताना यादी केली की 'घेऊन तर बघू' हा प्रकारच उरत नाही. ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांनी ग्राहकाचं मन दुकानदाराइतकंच ओळखलं होतं, फक्त दुसऱ्या बाजूला उभं राहून.

आणि आता तर कायद्यालाही याच विषयाची माणसं लागणार आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीबद्दल, मार्गदर्शक सूचना काढल्या. १३ प्रकार नाव घेऊन सांगितलेत. 'फक्त दोनच उरले' अशी खोटी घाई. तिकीट काढताना न विचारता टोपलीत टाकलेला विमा. 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' असं लिहिलेलं बटण, म्हणजे नकार देताना तुम्हालाच लाज वाटावी. सुरू करायला एक टिचकी आणि बंद करायला सात पानं असं सदस्यत्व. शेवटच्या पानावर उगवणारे चार्जेस. हे सगळं कोणीतरी माणसाचं मन अभ्यासूनच बनवलंय. ते पकडायला, एखाद्या पानाने माणूस नेमका कुठे फसतो हे दाखवून द्यायला, तसाच अभ्यास लागतो. आमच्याकडे तक्रारी येतात तेव्हा लोक सांगतात, 'माझंच चुकलं, मीच बटण दाबलं.' १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा म्हटलं तरी ओशाळतात. तुमच्या लेकीसारखी कोणी सोबत असेल तर त्यांना समजावता येईल की ते बटण तिथे का ठेवलं होतं.

पगार कमी मिळतो, हेही सांगून ठेवते.

ऐरोलीकर
ताई, पैशाचं मी सांगतो, कारण मावशींनी विषय काढलाच. सुरुवातीला आमच्याकडेही फार नसतो, आणि काम रीलमधल्यासारखं चकचकीत नाही. पहिलं वर्षभर मुलं मुलाखतींच्या ध्वनिफिती ऐकून उतरवून काढतात. नाही तर फिल्डवर. उलव्यात चौथ्या मजल्यावर लिफ्ट बंद, घरातले म्हणतात आत्ता मालिका चालू आहे, नंतर या. ग्रुप डिस्कशनला आठ बायका बोलावल्या तर दोघीच बोलतात, बाकीच्या त्यांना मान डोलावतात, आणि कंपनीचा साहेब मागे बसून 'आठही जणींना आवडलं' असं टिपून घेतो. त्याला थांबवणं हेही कामच.

घरी जाऊन बघितलं की कळतं की बोलणं आणि डबा जुळत नाही. ब्रँडेड तेलाशिवाय वापरत नाही म्हणणाऱ्यांच्या ओट्याखाली सुट्या तेलाचा कॅन असतो. खोटं बोलत नसतात. पाहुण्यांसाठी तेच तेल निघत असतं, आणि आपण त्या घरी पाहुणेच असतो.

नैतिकतेबद्दल माझं मत थोडं रोखठोक आहे. शाम्पूची एक रुपयाची पुडी घ्या. कोणी म्हणेल गरिबाला फसवून महाग शाम्पू विकला, कोणी म्हणेल ज्याच्या हातात रोजचीच रोकड असते त्याला पहिल्यांदा परवडला. दोन्ही माणसं हुशार असतात आणि बाटलीशी भाव लावून बघितल्याशिवाय दोघंही बोलत असतात. आता तर अगदी छोट्या पुड्या सोडल्या तर बऱ्याच पाकिटांवर दर ग्रॅमची किंवा मिलिलिटरची किंमत छापावी लागते. ती कोण वाचतं, कोण नाही, आणि वाचूनही लहान पुडी का घेतं, हे शोधणं म्हणजे आमचा विषय. त्याचा वापर कोण कसा करेल ते शिकणाऱ्याच्या हातात सगळं नसतं. थोडं असतं.

दाणाबंदर
शाम्पूवरून आठवलं. पुस्तकातलं गिऱ्हाईक एकटं असतं का हो नेहमी? आमच्याकडे नसतं. मिरची घ्यायला येतात ते तिघं येतात. सासू रंग बघते, सून तिखटपणा विचारते, पैसे मुलगा देतो आणि तो बाहेर गाडीजवळ उभा असतो. किराणावाल्याकडे तर उधारीची वही. ज्याची उधारी थकलीय तो माणूस आठवडाभर दुसऱ्या दुकानातून रोखीने घेतो, दर जास्त असला तरी, कारण तोंड दाखवायची लाज. हे कुठल्या प्रयोगात बसवणार?

शून्य_गृहीतक
@दाणाबंदर, हा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. २०१० मध्ये तीन संशोधकांनी हेच दाखवलं होतं की मानसशास्त्रातले बहुतेक निष्कर्ष पाश्चात्त्य, सुशिक्षित, सुखवस्तू समाजातल्या माणसांवरून काढलेले आहेत, त्यातही बरेचसे कॉलेजच्या पोरांवरून, आणि ती पोरं जगाचा नमुना म्हणून फारच वेगळी पडतात. उधारीच्या लाजेवर काम करायचं तर ठाण्या-पनवेलच्या बाजारातच करावं लागेल. मुलीला करण्यासारखं भरपूर शिल्लक आहे म्हणायचं.

फक्त संख्याशास्त्र टाळू नकोस म्हणावं. सगळ्यात जास्त तिथेच पळवाट काढतात.

लेक_बोलतेय
नमस्कार. मीच ती. आईने लिहिलंय तितकी मी चिडले नव्हते.

सगळं वाचलं. फळा_आणि_खडू सर, पुरणपोळीच्या यादीवर मला खरंच प्रोजेक्ट करायचा आहे, बंड्याकाकांची परवानगी असेल तर. थोडं ठरवलंय. एक गट ठाण्यात, जुन्या सोसायट्यांमधला, दुसरा घणसोली-कोपरखैरणेकडचा, जिथे दोघं नोकरी करणारी घरं जास्त सापडतील. पण एक अडचण आहे. हेअरने बायकांना खरा हेतू सांगितला नव्हता. आमच्या मॅडम म्हणतात संमतीपत्र घेतल्याशिवाय प्रश्नावली वाटायची नाही. संमतीपत्रात 'तयार पदार्थ घेणाऱ्या बाईबद्दल तुमचं मत' असं लिहिलं तर सगळे चांगलंच लिहितील. मग करायचं काय? आणि दुकानात येणाऱ्या बायकांना विचारलं तर चालेल का? आजोबा म्हणाले, गिऱ्हाइकांना त्रास देऊ नकोस, पण गर्दी नसताना बस.

कोपरीचा_बंड्या
परवानगी दिली. मानधन म्हणून पुरणपोळ्या. घरच्या.

फळा_आणि_खडू
बेटा, मॅडम बरोबर सांगतायत. संमतीपत्रात खोटं लिहायचं नाही, पण सगळं आधी सांगायचंही बंधन नाही. 'खरेदीच्या यादीवरून आपण माणसाबद्दल काय अंदाज बांधतो याचा अभ्यास' एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे. नाव लिहून घेऊ नकोस, मधेच थांबायची मुभा दे, आणि शेवटी दोन याद्या होत्या आणि फरक फक्त पुरणपोळीचा होता हे प्रत्येकीला सांग. त्यानंतर कोणी म्हणालं माझं उत्तर काढून टाक, तर काढायचं. म्हणून कागदावर नावाऐवजी क्रमांक घाल आणि त्या क्रमांकाची चिठ्ठी तिच्याकडे दे. हा सगळा मसुदा मॅडमना आधी दाखव, लेखी होकार घे, मगच पहिली यादी छाप.

दुकानातल्या बायका घेऊ नकोस. आजोबांची नात विचारतेय म्हटल्यावर त्या गोडच लिहिणार. आणि कोणती यादी कोणाला जाईल हे तू ठरवायचं नाहीस. याद्या घरीच पत्त्यांसारख्या पिसून गठ्ठा कर, वरून देत जा. नाही तर चपला बघून देशील.

शून्य_गृहीतक
आणि किती जणांना विचारणार, तो आकडा आधी ठरवून मॅडमकडे लिहून ठेव. निकाल आवडेपर्यंत प्रश्नावल्या वाटत बसायचं नाही. विश्लेषणाला जामोवी हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एसपीएसएस या विकतच्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रतीच्या नादी लागू नकोस. अडलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

ऐरोलीकर
वर्णनं उतरवून झाली की ती 'आळशी', 'हौशी' अशा गटांत टाकायला दुसऱ्या कोणाला तरी बसव, जिला कोणती यादी कोणाची ते माहीत नाही. शनिवारी मी ठाण्यातच असतो, तेव्हा मला दाखवलंस तरी चालेल. आईला घेऊन ये.